‘९८ टक्के अचूक’ मॉडेल खानापुरात चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. चौघांच्या गटाने मधुमेह ओळखणारं एआय मॉडेल केलंय. डेटा इंटरनेटवरून घेतलेला: ७६८ बायकांच्या नोंदी, ८ रकाने. अचूकता ९८ टक्के. गाईड म्हणतात पेपर पाठवून द्या. घरी आज्जीची एका डोळ्याची नजर शुगरने गेली आहे. तिचे दोन प्रश्न आहेत. हे मॉडेल आमच्या गावात चालेल का? आणि याच विषयात पुढे संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करू?

आधी आज्जीचं. जो डोळा अजून चांगला आहे, तो याच महिन्यात पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांना दाखव. एका डोळ्याच्या पडद्याला शुगरने धरलं असेल तर दुसराही बहुतेक वेळा त्याच वाटेवर असतो, आणि दिसतंय म्हणजे पडदा चांगला आहे असं होत नाही. चष्म्याच्या दुकानातली तपासणी उपयोगाची नाही. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघतात ती तपासणी हवी. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

मी शुगरचे पेशंट बघणारी डॉक्टर आहे, आणि गेली काही वर्षं डोळ्याच्या पडद्याचे फोटो मशीनकडून तपासून घेण्याच्या संशोधनात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आम्ही शिबिरं घेतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कॉम्प्युटरच्या बाजूनेही द्यावंसं वाटतं आणि गावच्या बाजूनेही.

तुमचा डेटा कुठला, ते आकड्यावरूनच कळलं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, फिनिक्स शहराजवळ, पिमा नावाचे मूळनिवासी लोक राहतात. टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या समाजांत त्यांची गणना होते. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने १९६५ पासून त्यांचा अभ्यास केला, आणि त्यातल्या २१ वर्षं आणि त्यापुढच्या बायकांच्या नोंदींचा हा तक्ता १९८८ मध्ये एका पेपरात वापरला गेला. तेव्हापासून मशीन लर्निंग शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी या तक्त्यावर हात साफ करतो. शिकायला तो ठीकच आहे, पण तो आपल्या आज्जीबद्दल काही सांगत नाही.

आता फाईल उघड आणि रक्तदाबाचा रकाना लहानापासून मोठ्याकडे लाव. वरच्या ३५ ओळींत शून्य दिसेल. ११ बायकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) शून्य, ५ जणींची साखर शून्य, इन्सुलिनच्या रकान्यात तर ३७४ शून्यं. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. ती मोजमापं झालेलीच नव्हती, रिकाम्या जागी कुणीतरी शून्य भरलं. तुमच्या गटात हे कुणाच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल तर पुढचा प्रश्न: ती शून्यं काढून त्या जागी काय घातलंत?

मला ९८ टक्क्यांचं रहस्य इथेच दिसतं. बरीच मुलं मधुमेह झालेल्या बायकांचा वेगळा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढतात, न झालेल्यांचा वेगळा काढतात, आणि ज्या गटातली बाई त्या गटाचा आकडा तिच्या रिकाम्या जागेत घालतात. म्हणजे प्रश्नपत्रिकेतच उत्तर लिहून दिलं. मॉडेल ते लगेच वाचतं. दुसरी नेहमीची चूक अशी: ७६८ पैकी ५०० जणींना मधुमेह झाला नाही आणि २६८ जणींना झाला, म्हणून कमी असलेल्या गटाच्या बनावट नोंदी तयार करून दोन्ही बाजू सारख्या करतात, आणि त्यानंतर ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायच्या नोंदी) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायच्या नोंदी) असे भाग पाडतात. मग ट्रेनिंगमधल्याच बाईची सावली टेस्टमध्ये येऊन बसते. शिवाय काहीच न शिकता प्रत्येकीला ‘नाही’ म्हणणारं मॉडेलसुद्धा या तक्त्यावर ६५ टक्के बरोबर येतं, हेही ध्यानात ठेव. नीट काम केलं तर या डेटावर साधारण ७५ ते ८० टक्के मिळतात. ९८ कुठून आले ते चौघांनी मिळून शोधा, आणि सापडलं की गाईडना स्पष्ट सांगा. ती चूक स्वतः शोधून मांडलीत तर ते काम मला पेपरपेक्षा मोलाचं वाटेल.

समजा मॉडेल अगदी निर्दोष आहे. तरी जांबोटीत त्याला काम काय? त्यातला सगळ्यात जोरकस रकाना साखरेचा आहे, आणि ती साखर ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी मोजलेली आहे. ही तपासणी झाली आणि आकडा २०० किंवा वर आला, तर डॉक्टरला मॉडेलची गरज उरत नाही. बोट टोचून पट्टीवर साखर बघणं आज उपकेंद्रातही होतं. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा एक कागद भरतात, त्यात वय, कंबर, तंबाखू-दारू, शारीरिक हालचाल, घरातला आजार असे प्रश्न असतात, गुण चारच्या वर गेले की पुढे तपासायला पाठवायचं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये चार प्रश्नांचा गुणांक दिला: वय, कंबर, हालचाल, आई-वडिलांचा मधुमेह. ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. टेप आणि पेन एवढंच लागतं. मॉडेल करायचं तर त्याने या टेपला हरवून दाखवलं पाहिजे.

टेपवरून एक गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या कामाच्या मुळाशी आहे. हालचालीच्या प्रश्नाचं मराठीत सरळ भाषांतर होतं ‘व्यायाम करता का?’ खानापूर भागात लावणीच्या दिवसांत एका मावशींना हा प्रश्न विचारला गेला. त्या सकाळपासून पाण्यात वाकून रोप लावत होत्या, पायाला चिखल तसाच होता. त्या म्हणाल्या, ‘नाही ओ, व्यायाम कसला?’ आणि कागदावर ‘हालचाल नाही’ अशी खूण झाली. निपाणीला दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिडी वळणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘काम लई असतंय, बसायला कुठं मिळतंय?’ आणि त्यांच्या पुढे ‘भरपूर हालचाल’ अशी खूण. दोन्ही उत्तरं उलटी नोंदली गेली. कुठलंही न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं एआय, ही चूक शोधून काढू शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोचते ती फक्त खूण. चिखल त्याला दिसत नाही.

परक्या डेटाचा दुसरा धोका शरीराच्या ठेवणीतच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी जास्त, अशी आपल्याकडची ठेवण असते, आणि ती जन्माच्या वेळच्या बाळापासूनच दिसते, हे पुण्याजवळच्या गावांतल्या आई-मुलांच्या दीर्घ अभ्यासातून त्यांनी दाखवलं. आता पिमा बायकांवर शिकलेलं मॉडेल डोळ्यांपुढे आण. तिथे वजनदार शरीर आणि मधुमेह यांची गाठ घट्ट बसलेली आहे. आपल्या भागातली काटकुळी, ४५ किलोची शेतकरी बाई त्या मॉडेलपुढे उभी केली तर ते तिला बिनधास्त घरी पाठवेल. माझ्या ओपीडीत रोज अशा बायका येतात.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुमचं मॉडेल गावात वापरू नका.

पण एआयला मधुमेहात जागाच नाही असं कृपा करून समजू नकोस. मी या कामाला आयुष्याची चांगली वर्षं दिली आहेत ती विश्वास आहे म्हणूनच. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासात भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. या प्रत्येक पेशंटचा पडदा वर्षातून एकदा बघायला हवा. तेवढे पडद्याचे डॉक्टर नाहीत, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत आहेत. इथे मशीनला खरं काम आहे: जिथे बघणारा माणूसच नाही तिथे बघणं.

पडद्याच्या फोटोवरचं एआय हे या क्षेत्रातलं सगळ्यात पक्कं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. २०१६ च्या शेवटी वरुण गुलशन, लिली पेंग आणि त्यांच्या गुगलमधल्या सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी १,२८,१७५ फोटोंवर नेटवर्क शिकवलं. तो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक फोटो ३ ते ७ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे बघून श्रेणी दिली होती, आणि अशा डॉक्टरांची संख्या ५४ होती. एकाच फोटोवर अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही, म्हणून हा खटाटोप. मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय ही डोळ्यांची रुग्णालयं या कामात होती. पुढे याच दोन रुग्णालयांत ३,०४९ पेशंटांवर प्रत्यक्ष ओपीडीत पडताळणी झाली, तो निकाल २०१९ मध्ये आला. अरविंदमध्ये मशीनने १०० दोषी पडद्यांपैकी ८९ च्या आसपास पकडले, शंकर नेत्रालयात ९२. दरम्यान एप्रिल २०१८ मध्ये औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने आयडीएक्स-डीआर या मशीनला मान्यता दिली. डॉक्टरने फोटो न बघता मशीननेच निर्णय सांगायचा, अशी ही पहिली परवानगी. आयोवाचे डोळ्यांचे डॉक्टर मायकेल अब्रामॉफ यांनी त्यासाठी कित्येक वर्षं घातली होती, आणि चाचणी मोठ्या हॉस्पिटलात न घेता साध्या दवाखान्यांत घेतली होती. आपल्याकडे बेंगळुरूच्या रेमिडिओने मोबाईलला जोडायचा पडद्याचा कॅमेरा केला, त्यावर चालणारं एआय इंटरनेटशिवाय फोनमध्येच निकाल देतं. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांतल्या पेशंटांवर त्याची चाचणी होऊन तीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज कुठे येते आणि कुठे जाते हे तुला माहीत आहे. तिथे इंटरनेटशिवाय चालणं ही चैन नाही, पहिली अट आहे.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते डोळ्यांपुढे आणून देते. कणकुंबीच्या बाजूचं एक गाव, मलप्रभा उगम पावते तो भाग. पावसाळ्याचे दिवस, शाळेची खोली. खिडक्यांवर घोंगडी टांगलेली, कारण अंधार केला की बाहुली आपोआप मोठी होते. समोर साठी ओलांडलेल्या आज्जी, डोक्यावरून पदर. हनुवटी टेकवा म्हटलं तर कपाळ सुटतं, कपाळ टेकवा म्हटलं तर हनुवटी. शेवटी आशाताई मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी डोकं हलकेच धरतात. ‘आज्जे, त्या हिरव्या ठिपक्याकडं बघ, मिचकावू नको हां.’ झगमग उजेड पडतो आणि स्क्रीनवर तांबूस-नारिंगी गोल उमटतो. एका बाजूला फिकट पिवळी चकती, तिथून फांद्यांसारख्या निघालेल्या शिरा, मध्ये किंचित गडद जागा. त्या गडद जागेच्या कडेला मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके, आणि सुईने टोचल्यासारखे लाल बिंदू. आज्जी आशाताईंना विचारतात, ‘काय दिसूलाय गं त्यात?’ त्यांना स्वतःला नीट दिसत होतं. तांदूळ निवडत होत्या, सुईत दोरा ओवत होत्या. मशीनने थोड्याच वेळात लाल खूण दाखवली. त्या खोलीत पडद्याचा डॉक्टर नव्हता आणि पुढे कधी आला असता असंही नाही. मला या कामावर विश्वास बसला तो अशा खोल्यांमध्ये.

त्याच खोलीत त्याच दिवशी बरेच फोटो मशीनने नाकारलेही. म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदू असतो, बाहुली आक्रसलेली असते, फोटो धुरकट येतो, मशीन म्हणतं ‘वाचता येत नाही’. थायलंडमध्ये गुगलच्याच गटाने ११ दवाखान्यांत हे मशीन लावून काय होतं त्याचा अभ्यास केला, २०२० मध्ये तो आला. तिथे पाचातला एक फोटो मशीनने परत केला होता. कारणं आपल्यासारखीच, खोलीत उजेड, इंटरनेट मंद, नर्सबाईंच्या मागे रांग. प्रयोगशाळेत उत्तम चाललेलं मशीन खोलीत आल्यावर कसं वागतं, हे तपासणं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि आपल्या सीमाभागासाठी तो अजून मोकळा पडला आहे असं मला वाटतं. नाकारलेल्या पेशंटचं काय करायचं, हे ठरवल्याशिवाय शिबिर लावू नये. आम्ही आता ‘फोटो आला नाही’ याचा अर्थ ‘डॉक्टरांकडे पाठवा’ असाच घेतो, कारण मोतीबिंदू असेल तर त्यालाही ऑपरेशन लागू शकतं.

आता हिशेब. हा पाठ करून ठेव. समजा १००० शुगरचे पेशंट तपासले आणि त्यातल्या ५० जणांना लगेच उपचार लागेल इतका पडदा खराब आहे. मशीन दोन्ही बाजूंनी ९० टक्के चांगलं आहे असं धरू. ५० पैकी ४५ पकडले जातील, ५ सुटतील. उरलेल्या ९५० चांगल्या लोकांपैकी ९५ जणांनाही मशीन उगाच लाल खूण देईल. म्हणजे तुम्ही १४० जणांना बेळगावला जा म्हणालात, त्यातल्या ९५ जणांना काही झालेलं नव्हतं. कणकुंबीहून बेळगावला जायचं तर सकाळची बस, सोबतीला मुलगा किंवा सून, दोघांचा रोजगार बुडाला, थेंब घातल्यावर दिवसभर अंधुक दिसतं म्हणून परतीच्या वाटेवर हात धरणारं कुणी हवं. तीनातले दोघं परत येऊन गावात सांगणार, ‘काही नव्हतं, उगाच पाठवलं.’ पुढच्या वर्षी खरी गरज असलेली बाईसुद्धा जाणार नाही. पेपरमध्ये ‘विशिष्टता ९० टक्के’, म्हणजे १०० चांगल्या लोकांपैकी ९० जणांना चांगलं म्हटलं, असा एक आकडा असतो, गावात त्याचं हे रूप होतं. म्हणून कुठल्या आकड्यावर लाल खूण लावायची ते इंजिनिअरने एकट्याने ठरवू नये. आशाताई, डॉक्टर आणि पेशंट यांच्यासोबत बसून ठरवावं.

आणि लाल खुणेनंतर? माझ्या पहिल्या काही शिबिरांत आम्ही चिठ्ठ्या देऊन निघून आलो. सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की कितीतरी जण गेलेच नव्हते. एका काकांनी चिठ्ठी जपून ठेवली होती, देवघरातल्या फोटोच्या मागे, घडी करून. चिठ्ठी इंग्रजीत होती. घरात कुणालाच ती वाचता आली नाही, आणि दुखत नव्हतं म्हणून घाई वाटली नाही. मी त्यांना भेटले तोवर पडद्यात रक्त उतरलं होतं. लेझर वेळेत झालं असतं तर नजर वाचण्याची चांगली शक्यता होती. हे मी विसरू शकत नाही. त्यानंतर आम्ही चिठ्ठी मराठी आणि कानडी दोन्हीत मोठ्या अक्षरांत देतो, वर एकच वाक्य: ‘आज दिसतंय, पण आतून पडदा खराब होतोय, या तारखेच्या आत दाखवा.’ तारीख, कुठली खोली, काय न्यायचं, सगळं लिहिलेलं. आणि आशाताई फोन करतात. एवढ्याने जाणारे वाढले. मॉडेल तेच होतं, एक अक्षर बदललं नव्हतं.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात डेटाच्या आतपर्यंत शिरलेला आहे. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला नाहीतर मुलगा गोव्यात असेल तर बांबोळीला. एकाच बाईचे कागद तीन ठिकाणचे, तीन भाषांत. मराठी कागदावर लक्ष्मीबाई परशराम पाटील. कानडी कागदावर लक्ष्मव्वा, पुढे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि नवऱ्याचं नाव. इंग्रजीत लक्ष्मीचं स्पेलिंग दोन दवाखान्यांत दोन तऱ्हेचं. वय एका ठिकाणी ५८, दुसऱ्या ठिकाणी अंदाजे ६५. कॉम्प्युटरच्या दृष्टीने या तीन बायका. मग एकीचं एचबीएवनसी (साखरेची रक्ततपासणी), दुसरीचा पडदा आणि तिसरीची किडनी, यांचा एकमेकींशी मेळ कसा बसायचा? ही नावं जुळवणारं, मराठी-कानडी दोन्ही लिपी समजणारं साधन कुणी नीट केलं तर आमच्यासारख्या डॉक्टरांचे आशीर्वाद मिळतील. हे काम बाहेरचा माणूस करू शकणार नाही. ‘अव्वा’, ‘अक्का’ आणि ‘बाई’ एकाच माणसाला लागतात हे कळायला इथे वाढावं लागतं. तू वाढली आहेस.

एचबीएवनसीचं नाव निघालं म्हणून एक सावधगिरी. तीन महिन्यांची साखर म्हणून आपण तो आकडा घेतो, पण अंगात लोह कमी असलं तर तो खोटा वाढलेला येऊ शकतो. रक्त कमी असलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी. तुझ्या मॉडेलमध्ये एचबीएवनसी असेल तर शेजारी हिमोग्लोबिनचा रकाना ठेव.

बोलणाऱ्या एआयबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण आता घरातली पोरं मोबाईलवर विचारून आज्जी-आजोबांना इन्सुलिन सांगायला लागली आहेत. भाकरी खाऊ का चपाती, इथपर्यंत ठीक. इन्सुलिनच्या बाबतीत मी हात जोडून नको म्हणते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं बहुतेक १०० युनिटचं असतं, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी. अमेरिकेत बहुतेक १०० चालतं, आणि या साधनांनी वाचलेला मजकूर मोठ्या प्रमाणात तिकडचा. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात २० च्या जागी ५० युनिट जातात. अडीचपट. रात्री साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि घरच्यांना वाटतं झोप लागली. मोबाईल सहसा विचारत नाही, ‘टोपण कुठल्या रंगाचं आहे?’ नर्सबाई विचारतात. असा प्रश्न आधी विचारणारं साधन, आपल्या बोलीत, कुणी केलं तर मी ते आनंदाने वापरून बघेन.

पायाचंही काम पडून आहे. भाताच्या खाचरात अनवाणी, बधिर तळव्याला काटा लागलेला कळत नाही, जखम चिघळल्यावर वास आला की घरच्यांना कळतं. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बधिरपणा कळतो, त्याला वीजही लागत नाही. पायाच्या फोटोंवर एआय करणारे आहेत, पण मी अजून तंतूच्याच बाजूची आहे. साखर सतत मोजणारे सेन्सर आणि आपोआप इन्सुलिन सोडणारे पंप टाइप १ च्या मुलांसाठी फार मोलाचे आहेत. त्यांची किंमत आपल्या गावांच्या आवाक्यात येईल तेव्हा त्यावर वेगळं लिहीन.

आता तुझा दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून. पेशंटची माहिती गोळा करायच्या आधी नैतिक समितीची (एथिक्स कमिटीची) परवानगी लागते. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, तिथल्या एखाद्या डॉक्टरांना बरोबर घेतल्याशिवाय एकही फोटो काढू नकोस. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती मुळातून वाच. संमतीचा कागद मराठीत आणि कानडीत, आणि वाचून दाखवायचा. ‘हो ओ ताई, कुठं सही करू?’ ही संमती नव्हे. समोरच्या आज्जीने तुला उलट एक तरी प्रश्न विचारला पाहिजे, तेव्हा तिला समजलं असं मी धरते. मग दोन-तीन महिने कोड लिहू नकोस. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगरच्या दिवशी जाऊन बस. कोण येतं, कोण येत नाही, गोळ्या संपल्या की काय करतात, वही कोण भरतं, कुठला रकाना नेहमी रिकामा राहतो, हे लिहून काढ. तुझ्या मॉडेलचा विषय त्या रिकाम्या रकान्यात सापडेल.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आज्जीची सोडून. तिचे जुने कागद घरात असतील, कपाटात, गादीखाली, पिशवीत. ते सगळे काढ. खानापूरचे, बेळगावचे, कुठे दुसरीकडे दाखवलं असेल तर तिथले. तारखेप्रमाणे जमिनीवर एका ओळीत मांड. शुगर पहिल्यांदा कधी कळली, पडदा बघून घ्या असं पहिल्यांदा कुणी आणि कधी लिहिलं, ते आज्जीला कुणी वाचून दाखवलं का, आणि त्या कागदापासून पुढच्या कागदापर्यंत किती महिने गेले ते मोज. शेजारी बसून तिला विचार, त्या महिन्यांत काय चाललं होतं. सुगी होती, कुणाचं लग्न होतं, बस बंद होती, पैसे नव्हते, का कुणी सांगितलंच नव्हतं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिही. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला जाताना तीच वही डॉक्टरांपुढे ठेव, आणि झालं की मलाही दाखव.